फाइल उघडण्याआधी : जुनाट कंबरदुखीची तपासणी

शेवटच्या बरगडीच्या खाली आणि कुल्ल्यांच्या खालच्या वळीच्या वर, एवढ्या पट्ट्यात होणारे दुखणे म्हणजे कंबरदुखी. बारा आठवडे उलटूनही ते टिकून राहिले तर ते जुनाट. ही बारा आठवड्यांची रेघ उगाच ओढलेली नाही. कंबरेत नव्याने भरलेली चमक बहुतेकांच्या बाबतीत काही दिवसांत, फार तर सहा आठवड्यांत, बरीच ओसरते. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायचा, ही रीत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती बहुधा याच कारणाने. उसण आपोआप उतरणारच असते, श्रेय पायाळूला मिळते. बारा आठवड्यांनंतर मात्र दुखण्याचा स्वभाव पालटतो. मूळ इजा भरून आलेली असली तरी वेदना उरते, आणि ती का उरली याचा शोध हीच तपासणी करणाऱ्याची खरी परीक्षा असते.

२०२० साली जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा रोगभाराच्या जागतिक अभ्यासाचा अंदाज आहे. माणसांची सर्वाधिक वर्षे अपंगत्वात घालवणाऱ्या दुखण्यांत तिचा क्रमांक पहिला लागतो. इतक्या सर्वत्र आढळणाऱ्या दुखण्याचे निदान सोपे असायला हवे, पण तसे नाही. साध्या दवाखान्यात येणाऱ्या दर दहा कंबरदुखीच्या रुग्णांपैकी साधारण नऊ जणांत दुखण्याचे नेमके एक ठिकाण, एक कारण खात्रीने दाखवता येत नाही. वैद्यकात याला ‘अविशिष्ट’ कंबरदुखी म्हणतात. हा शब्द रुग्णाला रुचत नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. ‘काही विशेष नाही’ म्हणजे ‘काहीच नाही’ असे त्याच्या कानाला ऐकू येते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच, की स्नायू, सांधे, चकत्या, अस्थिबंध यांपैकी कुणा एकाकडे बोट दाखवण्याइतकी आपली साधने अचूक नाहीत. वेदना खरीच असते.

महाराष्ट्रातला रुग्ण दवाखान्यात येतो तो बहुतेकदा स्वतःचे निदान घेऊनच. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकलीय’, ‘नस दबलीय’ ही वाक्ये त्याला आधीच्या कुणीतरी दिलेली असतात. काखेत एमआरआयची मोठी पिशवी असते आणि ती टेबलावर ठेवूनच बोलण्याला सुरुवात होते. तपासणीचा शास्त्रीय क्रम नेमका उलटा आहे. आधी ऐकणे, मग पाहणे आणि हात लावणे, आणि चित्र सर्वांत शेवटी, तेही गरज असेल तरच.

दवाखान्यात हा क्रम उलटा होण्यामागे इतिहासही आहे. १९३४ साली अमेरिकेतील विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या शल्यचिकित्सकांनी मणक्यांमधली चकती फुटून नसेवर दाब आल्यामुळे पाय दुखतो, हे शस्त्रक्रियेच्या आधारे दाखवले. शोध खरा आणि मोलाचा होता. पण पुढची काही दशके कंबरेच्या प्रत्येक दुखण्याचा दोषी चकतीतच शोधला गेला. पायात उतरणाऱ्या कळेला लागू असलेले स्पष्टीकरण नुसत्या कंबरदुखीलाही चिकटवले गेले. स्कॉटलंडचे अस्थिशल्यचिकित्सक गॉर्डन वॉडेल यांनी १९८७ मध्ये यावर नेटाने बोट ठेवले. कंबरदुखीला यंत्रातला बिघाड मानून चालणार नाही, तिच्यात शरीर, मन आणि परिस्थिती एकत्र गुंतलेली असतात, ही त्यांची मांडणी आज सर्वमान्य आहे. रुग्णाला आधी तीन चाळण्यांतून गाळावे, असेही त्यांनी आग्रहाने सांगितले. पहिली चाळणी गंभीर आजाराची, दुसरी नसेच्या दुखण्याची, आणि उरलेले सगळे तिसरीत.

पहिल्या चाळणीत सापडणारे रुग्ण मूठभर असतात, पण चूक परवडत नाही ती इथेच. धोक्याच्या खुणांना वैद्यकात ‘लाल बावटे’ म्हणतात. पूर्वी झालेला कर्करोग, कारण नसताना घटलेले वजन, ताप, रात्री झोपूनही न थांबणारी कळ, मोठ्या वयात किरकोळ पडण्यानंतर सुरू झालेले दुखणे, बराच काळ घेतलेले स्टेरॉइड, पायातली वाढत जाणारी कमजोरी या त्या खुणा. त्यांची एक अडचण आहे. एखाददुसरा बावटा अगदी साध्या कंबरदुखीच्या रुग्णातही फडकताना दिसतो. रात्री कूस बदलताना कुणाची कंबर दुखत नाही? म्हणून एकट्यादुकट्या खुणेवरून घाबरून जाण्यापेक्षा त्या एकमेकींना दुजोरा देतात का, हे पाहावे लागते. त्यातल्या त्यात कर्करोगाचा पूर्वेतिहास ही सर्वांत वजनदार खूण. स्तन, पुरःस्थ ग्रंथी, फुप्फुस, मूत्रपिंड आणि थायरॉइडचे कर्करोग हाडांत उतरतात, आणि मणका ही त्यांची आवडती जागा. दहा वर्षांपूर्वी झालेली गाठीची शस्त्रक्रिया रुग्ण कंबरेशी जोडत नाही, त्यामुळे ती आपणहून सांगतही नाही. ती विचारूनच काढून घ्यावी लागते.

स्टेरॉइडचेही तसेच. ‘स्टेरॉइड घेता का?’ या प्रश्नाला उत्तर नेहमी ‘नाही’ असेच येते. सांधेदुखीवर, दम्यावर गावोगावी मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. तेव्हा प्रश्न ‘पुड्या कुठून आणता, किती वर्षे?’ असा हवा. वर्षानुवर्षे स्टेरॉइड पोटात गेलेल्या किंवा पाळी जाऊन बराच काळ लोटलेल्या बाईचा मणका बादली उचलतानाही दबून मोडू शकतो.

पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत लाल बावट्यांच्या यादीत तळाशी असलेला एक आजार भारतात वर आणावा लागतो. तो म्हणजे मणक्याचा क्षय. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला ‘पॉटचा आजार’ हे नाव पडले. हाडांच्या आणि सांध्यांच्या क्षयापैकी जवळपास निम्मा मणक्यात होतो. तो पावले न वाजवता येतो. महिनोन्‌महिने नुसती पाठ किंवा कंबर दुखते, रुग्ण मलम चोळतो, शेक घेतो, मालिश करून घेतो. संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, भूक मंदावणे ही क्षयाची ओळखीची लक्षणे असतील तर शंका लवकर येते, पण पुष्कळ रुग्णांत ती नसतातच. छातीचा एक्स-रेही स्वच्छ असू शकतो. अशा वेळी बोटे उपयोगी पडतात. पाठीच्या मध्यरेषेवरून एकेका मणक्यावर हलके ठोकत गेले, की एका ठराविक मणक्यावर रुग्ण दचकतो. त्या जागी बारीकसा उंचवटा हाताला लागला तर संशय आणखी पक्का. लहान मुलासाठी जुन्या डॉक्टरांची एक साधी युक्ती आहे : जमिनीवर नाणे टाकून उचलायला सांगायचे. आजारी मूल पाठ वाकवत नाही. ते पाठ ताठ ठेवून गुडघे आणि खुबे मुडपून खाली बसते आणि नाणे उचलते. इथे मात्र एमआरआयला पर्याय नाही, आणि शक्य असेल तर सुईने नमुना काढून जंतूंची व औषधांना ते दाद देतात का याची तपासणीही करायला हवी. क्षय वेळेत ओळखला तर तो औषधांनी बरा होतो. उशीर झाला तर मज्जारज्जूवर दाब येऊन दोन्ही पाय लुळे पडू शकतात. गुरांमध्ये वावरणाऱ्या किंवा कच्चे दूध पिणाऱ्यांच्या बाबतीत ब्रुसेला या जंतूचाही विचार करावा लागतो. तो मणक्यात शिरला की चित्र क्षयासारखेच दिसते.

दुसरा हमखास हुकणारा आजार तरुणांचा. वय तिशीच्या आत-बाहेर, दुखणे हळूहळू वाढलेले, पहाटे तीन-चारला कंबर जागे करते, उठल्यावर अर्धा-पाऊण तास पाठ लाकडासारखी ताठ, आणि फिरल्यावर, कामाला लागल्यावर बरे वाटते. साध्या कंबरदुखीला विश्रांतीने आराम पडतो. हिला विश्रांतीच सोसत नाही. हा दाहक कंबरदुखीचा नमुना आहे आणि त्यामागे अँकिलोजिंग स्पाँडिलायटिससारखा संधिवात असू शकतो. मणके हळूहळू एकमेकांना जखडून टाकणारा हा आजार ओळखला जाईपर्यंत अनेक रुग्णांची कित्येक वर्षे ‘गॅप’च्या उपचारांत गेलेली असतात. ‘सकाळी उठल्यावर किती वेळ आखडल्यासारखे वाटते?’ एवढा एक प्रश्न ती वर्षे वाचवू शकतो. डोळा लाल होऊन दुखण्याचे झटके, त्वचेवर सोरायसिस, टाचेचे दुखणे, घरात कुणाला असाच त्रास, हे पुढचे प्रश्न. एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी मदतीला येते, पण ती सकारात्मक असलेल्या बहुसंख्य लोकांना हा आजार कधीच होत नाही. म्हणून लक्षणे नसताना ती करून घेणे म्हणजे नवी काळजी विकत घेणे.

एक खूण अशी आहे की जिच्यापुढे बाकीची सगळी तपासणी थांबते. मज्जारज्जू संपल्यावर खाली उतरणाऱ्या नसांचा जुडगा घोड्याच्या शेपटासारखा दिसतो. मोठी चकती फुटून त्या सगळ्या जुडग्यावर दाब आला, की लघवी तुंबते किंवा नकळत होते, शौचावरचा ताबा जातो, आणि घोड्यावर बसताना खोगिराला टेकणारा भाग बधिर होतो. दोन्ही पायांत कळ आणि कमजोरी येते. अशा रुग्णाला त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पोचवावे लागते, कारण उशीर झाला तर गेलेला ताबा पुष्कळदा परत येत नाही. संकोचापायी ही लक्षणे रुग्ण सांगत नाही, विशेषतः बायका पुरुष डॉक्टरपुढे. ‘धुताना हात लागलेला कळतो का?’ असे साध्या शब्दांत विचारले तर उत्तर मिळते.

कंबर दुखते म्हणून दोष कंबरेतच असतो असेही नाही. मूतखडा, गर्भाशय आणि बीजांडकोशाचे विकार, स्वादुपिंड, पोटातील महाधमनीचा फुगा यांची कळही मागे उमटते. अशी कळ वाकण्याने, वळण्याने, उठण्या-बसण्याने फारशी बदलत नाही, हा महत्त्वाचा फरक. खुब्याच्या सांध्याची झीज जांघेत आणि कुल्ल्यात दुखते आणि कंबरदुखीच्या नावाखाली खपून जाते. मांडी घालून बसता येत नाही, पायातले मोजे काढायला त्रास होतो, अशी तक्रार असली की खुबा फिरवून पाहायलाच हवा.

दुसऱ्या चाळणीत नसेचे दुखणे. कंबरेपेक्षा पाय जास्त दुखतो, कळ गुडघ्याखाली उतरते, ती विजेच्या झटक्यासारखी असते, खोकल्याने, शिंकेने वाढते, आणि सोबत मुंग्या किंवा बधिरपणा असतो, असे वर्णन आले की चकतीने नस दाबल्याची शक्यता मोठी. रुग्णाला बोटाने पायावर वेदनेची वाट आखायला सांगावे. पायाच्या वरच्या बाजूने अंगठ्याकडे जाणारी वाट पाचव्या कटिमणक्याच्या नसेची असते, तर करंगळीच्या बाजूने तळपायाकडे जाणारी पहिल्या त्रिकास्थी नसेची. मग टाचांवर चालायला लावायचे. पाचवी नस अशक्त असेल तर पाऊल वर धरवत नाही. चवड्यांवर चालताना एक टाच खाली येऊ लागली, तर दोष त्रिकास्थी नसेत. गुडघ्याला आणि घोट्यामागच्या जाड शिरेला हातोडी मारून प्रतिक्षेप पाहायचे. घोट्याचा झटका एका बाजूला नाहीसा असणे ही त्रिकास्थी नसेची जुनी आणि भरवशाची साक्ष आहे.

नस ताणून पाहण्याची प्रसिद्ध चाचणी म्हणजे रुग्णाला उताणे झोपवून गुडघा सरळ ठेवत पाय वर उचलणे. तीस ते सत्तर अंशांच्या दरम्यान कळ गुडघ्याखाली धावली तर चाचणी सकारात्मक. नुसती मांडीमागची शीर ताणली गेली, तर ती नस नव्हे. शेतात उभे-वाकडे राबणाऱ्या आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या दोघांचीही ती आखडलेलीच असते. वैद्यकात ही चाचणी फ्रेंच वैद्य शार्ल लासेग यांच्या नावाने चालते. वास्तविक लासेग यांच्या शिष्याने १८८१ च्या प्रबंधात ती मांडली, आणि त्याच्या आदल्याच वर्षी सर्बियातील लाझा लाझारेविच यांनी ती स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली होती. लाझारेविच आपल्या देशात डॉक्टरपेक्षा कथाकार म्हणून अधिक ओळखले जातात. या चाचणीचा दुबळा भाग असा की ती पुष्कळांत सकारात्मक येते. न दुखणारा पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली तर मात्र चकतीचा पुरावा खूपच बळकट होतो.

साठीनंतरच्या माणसांत नसेचे दुखणे वेगळ्या रूपात येते. मज्जारज्जूची नळी अरुंद झाली की चालताना दोन्ही पोटऱ्या, मांड्या भरून येतात, पाय जड होतात, आणि काही अंतरावर बसावेच लागते. बसले, पुढे वाकले की नळीला थोडी जागा मिळते आणि आराम पडतो. म्हणून असा माणूस बाजारापर्यंत चालू शकत नाही, पण सायकलवर वाकून मैलभर सहज जातो. चढ त्याला जमतो, उतार जड जातो. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या माणसाचे पायही चालताना असेच भरून येतात, पण त्याला नुसते उभे राहूनही आराम मिळतो आणि घोट्याजवळची नाडी मंद लागते. पायऱ्या, कट्टा, सायकल यांविषयी दोन मिनिटे गप्पा मारल्या तर हे निदान अर्धे होते.

हाताने तपासताना कंबर किती वाकते याची नोंद घेतात. त्यासाठी शोबर यांची मोजपट्टीची पद्धत सोपी आहे. कंबरेच्या खळ्यांच्या रेषेवर खूण करून तिच्या वर दहा आणि खाली पाच सेंटिमीटरवर दोन खुणा करायच्या. निरोगी तरुण पूर्ण वाकला की हे पंधरा सेंटिमीटरचे अंतर विसाच्या पुढे जाते; जखडलेल्या मणक्यात ते जागचे हलत नाही. मणका दाबून ‘इथेच दुखते, म्हणजे हाच सांधा’ असे सांगणे मात्र धाडसाचे आहे. दोन तपासणाऱ्यांच्या बोटांचे एकाच जागेवर क्वचितच एकमत होते. खरे तर खोलीत येतानाची चाल, खुर्चीतून उठताना मांडीवर टेकलेला हात, चप्पल काढताना धरलेली भिंत यांतून जे कळते ते पुष्कळदा टेबलावरच्या तपासणीपेक्षा अधिक विश्वासार्ह असते.

वॉडेल यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाच चिन्हांचा इथे उल्लेख करायला हवा, कारण त्यांचा दुरुपयोग फार होतो. त्वचेला नुसते चिमटले तरी असह्य कळ, डोक्यावर हलका दाब दिल्यावर कंबर दुखणे, झोपून पाय उचलताना तक्रार पण बसून तोच पाय सरळ केल्यावर काहीच नाही, नसांच्या नकाशात न बसणारा बधिरपणा आणि प्रत्येक स्पर्शाला अतिरेकी प्रतिसाद, अशी ती १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. पाचांपैकी तीन सापडली तर दुखण्यात शरीरापलीकडचेही काही गुंतले आहे, अधिक खोलात विचारायला हवे, एवढाच त्यांचा हेतू होता. विमा आणि नुकसानभरपाईच्या प्रकरणांत ती ‘ढोंग ओळखण्याची कसोटी’ म्हणून वापरली गेली. वॉडेल यांनी या वापराविरुद्ध स्पष्ट बजावले होते.

दोन्ही चाळण्यांतून खाली उतरलेले रुग्ण सर्वांत जास्त, आणि नेमके इथेच पुष्कळ दवाखान्यांतले संभाषण ‘काही नाही, गोळ्या लिहून देतो’ यावर संपते. इथे प्रश्न बदलावा लागतो. मणक्याला काय झाले, हे विचारून झालेले असते. आता दुखणे कशामुळे टिकून आहे, आणि त्याने माणसाचे काय हिरावून घेतले आहे, हे विचारायचे.

वेदना मोजायला शून्य ते दहाची पट्टी जगभर वापरतात. आपल्याकडच्या बऱ्याच वयस्कर रुग्णांना ती परकी वाटते. ‘दहापैकी दहा’ असे उत्तर येते आणि मोजणे तिथेच संपते. त्याच रुग्णाला ‘रुपयात किती आणे?’ असे विचारले, की ‘बारा आणे फरक आहे, चार आणे राहिलंय’ असे नेमके उत्तर मिळते. पण वेदनेच्या आकड्यापेक्षा हालचालींचा हिशेब जास्त उपयोगी. त्यासाठी इंग्लंडमध्ये ऑस्वेस्ट्री या गावच्या रुग्णालयात तयार झालेली आणि १९८० मध्ये प्रसिद्ध झालेली प्रश्नावली सर्वाधिक वापरात आहे. वेदना, स्वतःची आवराआवर, उचलणे, चालणे, बसणे, उभे राहणे, झोप, लैंगिक जीवन, सामाजिक वावर आणि प्रवास असे तिचे दहा भाग. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, आणि बेरजेचे टक्के. वीसपर्यंत अडचण सौम्य, चाळिसाच्या पुढे ती गंभीर. तिची मराठी आवृत्तीही पडताळून पाहिलेली आहे, आणि तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तरीही प्रश्नावलीत नसलेले काही प्रश्न इथल्या जगण्यातून घ्यावे लागतात. उकिडवे बसता येते का? जमिनीवरून उठताना कशाचा आधार लागतो? पाण्याची कळशी कुठून आणि किती मजले चढवावी लागते? दुचाकीवर मागे एका बाजूला पाय सोडून बसणे जमते का? जमिनीवरून उठताना मांड्याच साथ देत नसतील आणि हाडे दाबल्यावर दुखत असतील तर ड जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेने हाडे मऊ पडल्याचा विचार करावा. नुसता रक्ताचा आकडा कमी दिसला म्हणून तेच कारण मानणे चुकीचे आहे. आपल्याकडे तो आकडा कंबर न दुखणाऱ्यांतही सर्रास कमी असतो.

दुखणे जुनाट होण्याचा धोका सुचवणाऱ्या मानसिक आणि सामाजिक खुणांना ‘पिवळे बावटे’ हे नाव १९९७ मध्ये न्यूझीलंडमधील एका मार्गदर्शिकेने रूढ केले. दुखते म्हणजे आत काहीतरी मोडत चालले आहे अशी समजूत, वाकले तर गादी निसटेल ही भीती, उदास मन, उडालेली झोप, कामावरचा असंतोष, सगळा भरवसा मालिशवाल्यावर किंवा इंजेक्शनवर टाकण्याची वृत्ती, या त्या खुणा. यांतली भीती सर्वांत चिवट. भीतीपोटी माणूस वाकणे सोडतो, स्नायू दुबळे होतात, थोड्याशा हालचालीने दुखते, आणि भीती खरी ठरल्यासारखी वाटते. ‘कंबरेला सर्वांत घातक काय वाटते?’ असे विचारले की ही भीती आपसूक बोलू लागते, आणि पुष्कळदा तिचा उगम एखाद्या डॉक्टरच्याच वाक्यात सापडतो : ‘आयुष्यभर वाकायचं नाही.’

इंग्लंडमधील कील विद्यापीठाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेली नऊ प्रश्नांची छोटी चाचणी अशा खुणांवरून रुग्णांचे कमी, मध्यम आणि जास्त जोखमीचे गट पाडते. त्या गटांनुसार उपचार दिल्याने इंग्लंडमध्ये फायदा दिसला. अमेरिकेत झालेल्या तशाच प्रयोगात तो दिसला नाही. म्हणून ती संभाषण सुरू करण्यासाठी वापरावी, संभाषणाऐवजी नव्हे.

सामाजिक बाजू विचारली नाही तर सल्ला हवेत राहतो. ऊसतोडीला गेलेल्या मजुराचे उदाहरण पुरेसे आहे. तिथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, उचल आधीच घेतलेली असते, आणि एक दिवस गैरहजर राहिले तर ‘खाडा’ लागून पैसे कापले जातात. उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवायच्या असतात. अशा बाईला ‘पंधरा दिवस जड उचलू नका’ हे सांगणे सोपे असते. तिच्या तपासणीच्या कागदावर मोळीचे ओझे, उचलीची रक्कम आणि हंगामाचे उरलेले दिवस यांची नोंद नसेल, तर तपासणी अर्धीच झाली. पुण्यात दहा तास लॅपटॉपपुढे बसणाऱ्या तरुणाच्या कागदावर तसेच त्याच्या झोपेचे तास आणि नोकरी जाण्याची धास्ती यायला हवी.

आता एमआरआयची पिशवी. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के लोकांत निदान एक चकती फुगलेली होती, आणि २७ टक्क्यांत ती बाहेर डोकावत होती. सगळ्या चकत्या निर्दोष असलेले जेमतेम ३६ टक्के. २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांतील तीन हजारांहून अधिक वेदनारहित माणसांची माहिती एकत्र केली, तेव्हा चकत्यांची झीज विशीत ३७ टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के लोकांत आढळली. तेव्हा अहवालातले ‘डिजनरेशन’ किंवा ‘बल्ज’ हे बहुतेकदा डोक्यावरच्या पांढऱ्या केसांसारखे वयाचे चिन्ह असते. ‘गॅप’ हा शब्द तर सरळ चुकीचा आहे. झिजलेल्या चकतीमुळे दोन मणक्यांमधली जागा वाढत नाही, कमी होते. तरी तो शब्द ऐकलेला माणूस आपल्या पाठीत फट पडली आहे असे चित्र मनात घेऊन वर्षानुवर्षे जपून चालतो.

चित्र वाचणाराही माणूसच असतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कंबर आणि पाय दुखणाऱ्या ६३ वर्षांच्या एका बाईचा एमआरआय तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या केंद्रांत काढला गेला. दहा अहवालांत मिळून ४९ निरनिराळे दोष नोंदले होते. दहाही अहवालांत समान असलेला दोष एकही नव्हता.

म्हणून एमआरआयला आपली जागा दाखवून द्यावी लागते. लाल बावटे एकमेकांना दुजोरा देत असतील, नसेची कमजोरी वाढत असेल, किंवा नसेचे दुखणे सहा आठवड्यांच्या उपचारानेही हटत नसून इंजेक्शन वा शस्त्रक्रियेचा विचार चालू असेल, तर तो करावाच. क्षय आणि जंतुसंसर्गाच्या शंकेत लगेच करावा. एरवी नाही. आधीच काढून आणलेला असेल, तर रुग्णासमोर तो उघडून प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगावा लागतो, आणि तपासणीत सापडलेल्या खुणेशी तो जुळतो की नाही हेही. डाव्या पायाची कळ आणि चित्रातली उजवीकडची चकती यांचा एकमेकांशी संबंध नसतो, पण अशा चकतीवरही शस्त्रक्रियेचा सल्ला घेऊन आलेले रुग्ण भेटतात. साध्या एक्स-रेचा उपयोग अस्थिभंग आणि मणका पुढे सरकल्याची शंका एवढ्यापुरता. रक्तात ईएसआर आणि सीआरपी दाह किंवा जंतुसंसर्गाच्या शंकेत पाहतात.

तपासणी एका भेटीत संपत नाही. चार-सहा आठवड्यांनी तीच प्रश्नावली, तेच टाचांवरचे चालणे, तीच हातोडी पुन्हा घ्यावी लागते. ऑस्वेस्ट्रीचे गुण दहा टक्क्यांच्या आसपास उतरले तर सुधारणा खरी मानतात. त्याहून लहान फरक मोजण्यातलाही असू शकतो. पहिल्या भेटीत निसटलेला लाल बावटा बऱ्याचदा दुसऱ्या भेटीत दिसतो, कारण तोवर ताप येऊ लागलेला असतो किंवा कपडे सैल होऊ लागलेले असतात. पहिल्या दिवसाच्या नोंदी तारखेसह लिहून ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. पायाची कळ पूर्ण गेल्यानंतरही घोट्याचा हरवलेला झटका पुष्कळांत परत येत नाही. पाच वर्षांनी पुन्हा चमक भरल्यावर नवा डॉक्टर हातोडी मारतो, झटका सापडत नाही, आणि नस आत्ताच दबली असे समजून रुग्णाला नव्या एमआरआयला पाठवतो. जुन्या कागदावर ‘उजवा घोटा : झटका नाही’ अशी एक ओळ असेल, तर तो खर्च आणि ती धास्ती दोन्ही टळतात.